यंत्रे आणि आपला नित्याचा व्यवहार
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या वर्षीच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी व्यवस्थापक मंडळाने आम्हांस आज्ञा केली आणि विषयाची निवड मात्र आमच्यावरच सोपविली. आम्ही विद्वान नव्हे, आणि यंत्रशास्त्रातील आमची गती विजेचा फ्यूज बदलण्यापलीकडे कधी गेली नाही. तथापि आपल्या कार्यालयात दर रविवारी सकाळी जी मंडळी जमतात त्यांच्यात आम्ही गेली कित्येक वर्षे नेमाने बसत आलो आहोत. वर्तमानपत्रातील राजकारण चघळून झाले की तेथील बोलणे हटकून एकाच गोष्टीवर येते. मोबाईल आल्यापासून घरात कोणी कोणाशी बोलत नाही. रस्त्यावर यंत्र सांगेल तिकडे गाड्या वळतात. आणि कचेरीत जावे तर 'ऑनलाईन करा' असे सांगून परत पाठवितात. वडीलधाऱ्यांच्या या तक्रारी झाल्या. तरुण मंडळींचे म्हणणे नेमके उलट. सारी कामे घरबसल्या होत असता ही कुरकुर कशासाठी, असा त्यांचा प्रश्न असतो. दोन्ही पक्ष ऐकता ऐकता आमचेही एक मत बनले आहे आणि ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. त्यास एक निमित्तही घडले आहे. रविवारची ही बैठक आता बंद करावी, कोणास काही विचारावयाचे असल्यास त्याने ते मोबाईलवरील गटात विचारावे, अशी सूचना मंडळापुढे आलेली आहे. तिचा विचार शेवटी करू.

प्रथम घरातील करमणुकीविषयी. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले तेव्हा आम्ही सात वर्षांचे होतो. कृष्णाकाठच्या आमच्या गावी वीज आली नव्हती; गावातील दोन-तीन रेडिओ बॅटरीवर चालत. रेडिओ बाळगण्यास तेव्हा परवाना लागे व त्याचे शुल्क टपालकचेरीत भरावे लागे. माडगूळकरांचे नवे गीत आणि फडक्यांची चाल दर आठवड्यास ऐकावयास मिळे. त्या वेळी आमच्या ओसरीवर चाळीस-पन्नास माणसे बसत, आणि स्त्रिया माजघराच्या दाराआडून ऐकत. आजोबांखेरीज त्या रेडिओच्या खुंटीस हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. ती बैठक आठवली म्हणजे आजही गहिवरून येते.

परंतु गहिवर हा काही पुरावा नव्हे. आमची थोरली बहीण, जिला सारे घर अक्का म्हणते, तिला त्या वयात सिनेमाच्या गाण्यांचा भारी शौक होता. बुधवारी रात्री सिलोनवरून लागणारी 'बिनाका गीतमाला' तिला ऐकावयाची असे. आमच्या घरी ते शक्य नव्हते. सिनेमाचे गाणे ओसरीवर वाजणार नाही हे आजोबांनी एकदा सांगितले आणि त्यावर अपील नव्हते. बिचारी काहीतरी निमित्त काढून मैत्रिणीच्या घरी जाई आणि दोन गाणी ऐकून परत येई. सारे घर एकत्र बसून ऐकत असे, हे आपण आज ज्या अभिमानाने सांगतो, त्यात ही अक्काची दोन गाणी कोठेच बसत नाहीत.

पुढे नोकरीनिमित्त आम्ही गिरगावातील एका चाळीत राहू लागलो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि वर्षभरातच आमच्या मजल्यावर एका घरी संच आला. शनिवारचा मराठी चित्रपट आणि 'छायागीत' पाहावयास अवघा मजला तेथे लोटे. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत जमिनीवर मुले, खाटेवर म्हातारी माणसे, आणि घरधनीण बिचारी स्वतःच्याच स्वयंपाकघरात अंग चोरून उभी. त्या बाईस तो कौतुकाचा सोहळा वाटे की जाच, हे आम्हां कोणासही विचारण्याचे सुचले नाही. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा रस्ते ओस पडत हे आपल्यापैकी अनेकांस आठवत असेल. तोवर बहुतेक घरांत स्वतःचा संच आला होता. म्हणजे चाळ विभागली गेली होती, घर तेवढे अद्याप एक होते. त्यानंतर वाहिन्या वाढल्या, संच दोन झाले आणि पुढे प्रत्येकाच्या तळहातावर एकेक पडदा आला. तीच मालिका २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत पुन्हा दाखविली गेली तेव्हा आमच्या घरी सहाही माणसे दिवसरात्र घरातच होती. पण दूरदर्शन संचासमोर बसलो ते आम्ही दोघे नवराबायको. चिरंजीव कचेरीच्या कामात, सूनबाई हातातले आवरून आपल्या आवडीचे काही पाहत, आणि नातवाच्या दोन्ही कानांत बोंडे. त्यास हाक मारावयाची तर हात हलवून दाखवावा लागे.

आता यात कोणाचा दोष? आमच्या मते मोबाईलने घर मोडले हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पूर्वी आपण एकत्र बसत होतो ते बरेचसे यंत्र एकच होते म्हणून, आणि ते एका माणसाच्या ताब्यात होते म्हणून. आज अक्का ऐंशी वर्षांपलीकडे गेली आहे. भाच्याने घेऊन दिलेल्या मोबाईलवर ती रोज दुपारी पडल्या पडल्या १९५४-५५ची गाणी ऐकते, आणि मध्येच आम्हांस फोन करून अमुक गाणे त्या वर्षी कितव्या क्रमांकावर होते ते सांगते. सत्तर वर्षांनी का होईना, तिची इच्छा यंत्राने पुरी केली. हे पाहिल्यावर मोबाईलला सरसकट शिव्या देण्यास आमची जीभ रेटत नाही. गेले आहे ते दुसरेच. काल रात्री काय ऐकले याविषयी सकाळी दूध घालणाऱ्यापासून शाळेतील मास्तरांपर्यंत सर्वांशी बोलता येत असे. तो बोलण्याचा समाईक विषय गेला. नातू काय पाहतो ते आम्हांस ठाऊक नसते आणि आम्ही काय पाहतो याची त्यास गोडी नसते. त्यावर उपाय म्हणून आम्ही दर शुक्रवारी रात्री त्याच्या आवडीचे काही अर्धा तास त्याच्याजवळ बसून पाहण्याचा परिपाठ ठेविला आहे. निम्मे कळत नाही. परंतु तो समजावून सांगतो, आणि तेवढा वेळ कानांतील बोंडे बाहेर असतात.

आता वाहनांकडे वळू. आम्ही १९८४ साली जुनी फियाट घेतली. परवान्याच्या वेळी गाडी चढावर थांबवून, मागे न सरकू देता पुढे काढून दाखवावी लागली होती, आणि खिडकीतून हात बाहेर काढून वळण्याची खूणही करावी लागली होती. बोरघाट चढताना इंजिनाचे पाणी उकळे. म्हणून खंडाळ्यास थांबणे हा प्रवासाचाच एक भाग असे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि ते थांबणे संपले. त्याबद्दल आम्हांस कसलेही दुःख नाही. उकळत्या रेडिएटरमध्ये काव्य शोधणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात लहान मुलांसह घाटात अडकून पाहावे.

मार्ग दाखविणाऱ्या नकाशाविषयी मात्र वाद आहे. मागच्याच्या मागच्या वर्षी एका लग्नास जाताना चिरंजीवांनी मोबाईलवर गावाचे नाव घातले आणि आम्ही निश्चिंत झालो. हमरस्ता सोडल्यावर यंत्राने आम्हांस डावीकडे, मग उजवीकडे, मग उसाच्या दोन फडांमधल्या एका गाडीवाटेवर नेले. पुढे उसाची ट्रॉली आडवी उभी. तिच्या सावलीस बसलेल्या म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहून शांतपणे विचारले, "लग्नाला निघालाव न्हवं? तुम्ही आज चवथे." यंत्राने अंतर कमी असलेला मार्ग अचूक काढला होता, त्या वाटेने ऊसतोडीच्या दिवसांत मोटार जात नाही हे मात्र त्या म्हाताऱ्यास ठाऊक होते. आता कोणी म्हणेल की पूर्वी वाट विचारीत गेलो म्हणजे चुकत नव्हतो काय? चुकत होतोच. 'हे काय, पुढेच आहे' असे सांगून माणसांनी आम्हांस सात-सात मैल हिंडविले आहे. रात्री-अपरात्री, परक्या गावी, एकटी स्त्री गाडी चालवीत असता तिला अनोळखी माणसास वाट विचारावी लागत नाही, हा लाभ तर पुरुषांच्या ध्यानातही येत नाही. म्हणून आमचे म्हणणे इतकेच की नकाशा वापरावा, आणि डांबर संपले की काच खाली करावी.

द्रुतगती मार्गावरील कॅमेऱ्यांची चर्चा रविवारी सर्वांत जोरात होते. २०२४ सालापासून तेथे वेगाची नोंद यंत्रे घेतात आणि दंडाची सूचना थेट मोबाईलवर येते. 'लोकांचे खिसे कापण्याचा हा नवा धंदा' असे आपले पुष्कळ बांधव म्हणतात. येथे आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. कॅमेऱ्यास चहापाणी लागत नाही. त्यास मामा नाही, साडू नाही, आणि 'मी कोण आहे ठाऊक आहे का?' हा प्रश्न त्यास ऐकूच येत नाही. वेग मोडला तर दंड. न मोडला तर नाही. इतका निःपक्षपाती न्याय या देशाच्या रस्त्यावर आम्ही यापूर्वी पाहिला नव्हता. टोलनाक्यावरील फास्टॅगचेही तेच. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला आणि सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत थांबली.

परंतु आमच्या एका स्नेह्यांची गोष्ट सांगतो. त्यांची स्कूटर ठाण्यात इमारतीखाली उभी असता, त्यांनी कधी पाहिलाही नाही अशा चौकात सिग्नल मोडल्याचा दंड त्यांस आला. छायाचित्रातील वाहन मोटरसायकल होते. क्रमांकातील तिनाचा कोणीतरी, म्हणजे कोणत्या तरी यंत्राने, आठ वाचला होता. स्नेह्यांनी मोबाईलवरून तक्रार केली. 'आपली तक्रार नोंदविली आहे' असे उत्तर आले. दुसरी केली, तेच उत्तर आले. दंड तसाच उभा. शेवटी ते स्वतः चौकशी करीत एका चौकीत गेले. तेथील हवालदाराने छायाचित्र पाहिले, स्कूटरचे कागद पाहिले आणि म्हटले, "ही तर तुमची गाडीच नाही." सहा आठवड्यांचे कोडे सहा सेकंदांत सुटले. यंत्राने तिनाचा आठ वाचावा यात नवल नाही. आमचे डोळेही हल्ली वाचतात. नवल याचे की ती चूक कोणास दाखवावयाची हे सहा आठवडे कोणी सांगू शकले नाही.

ही गोष्ट हातात धरूनच आम्ही सार्वजनिक कामांकडे येतो, कारण तेथे ती अधिक बोचते.

प्रथम यंत्राच्या पदरात त्याचे श्रेय टाकावयास हवे. रेल्वेच्या आरक्षणासाठी आम्ही रात्रभर रांगेत बसलो आहोत. आज ते काम जेवता जेवता होते. जमिनीच्या सातबाऱ्यासाठी पूर्वी गावी खेपा घालाव्या लागत, आणि प्रत्येक खेपेस साहेब बैठकीस गेलेले असत. मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आम्ही गेल्या वर्षी तो पंधरा रुपये भरून घरातल्या घरात काढला, आणि हाती कागद पडल्यावर क्षणभर आपले काही चुकले तर नाही ना असे वाटले. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा हळहळणाऱ्यांत आम्हीही होतो. पण आठवून पाहता त्यापूर्वीच्या दहा वर्षांत आम्ही स्वतः एकही तार केलेली नव्हती.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला. ज्याच्यापाशी कसलाही कागद नाही अशा माणसासही आपली ओळख सिद्ध करता यावी, हा त्यामागील हेतू मोठा होता आणि आम्ही त्याची थट्टा करणार नाही. बोटांच्या टोकांवरील रेषा जन्मभर सोबत असतात असे आपण मानतो. परंतु वार्धक्याने कातडी कोरडी व पातळ होते, आणि ज्यांनी आयुष्यभर हातांनी कष्ट केले त्यांच्या रेषा झिजतात. दगड फोडणारा, शेतात राबणारा, राखेने भांडी घासणारी बाई, यांची बोटे यंत्रास नीट वाचता येत नाहीत. ज्यांस सरकारी आधाराची गरज अधिक त्यांचीच बोटे अधिक झिजलेली, असा हा विचित्र योग आहे.

आमच्या अक्काचे यजमान प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या मागे तिला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो हे आपणांस ठाऊक आहेच. पूर्वी बँकेत जाऊन यादीवर सही केली की काम होई. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा खिडकीवरील मुलाने तिच्यापुढे अंगठा ठेवण्याचे यंत्र सरकविले. अंगठा जुळेना. मग बोटे झाली, मग दुसरा हात झाला. हात धुऊन आली, पदराला पुसले, पुन्हा ठेविले. "आजी, उद्या या," असे त्याने सांगितले. तो मुलगा उद्धट नव्हता, हे अक्का आजही आवर्जून सांगते. त्याने तिला पाणीही दिले. पण यंत्र 'नाही' म्हणत असता त्यास 'हो' म्हणता येत नव्हते. अशा तीन खेपा झाल्या. डिसेंबर सरला आणि वेतन जमा झाले नाही. जानेवारीतही नाही. तिने आम्हांस कळविले नाही, कारण भावाकडे पैसे मागण्याची तिला लाज वाटली. औषधाच्या गोळ्या तिने दिवसाआड घेण्यास आरंभ केला होता, हे आम्हांस फेब्रुवारीत समजले.

आम्ही तिला घेऊन त्या बँकेत गेलो. खिडकीसमोरच्या बाकावर बसून ती आम्हांस म्हणाली, "अरे, मी इथं बसले आहे, आणि ते यंत्र म्हणतं मी नाही." आतल्या खोलीतील एक वयस्क अधिकारी बाहेर आले. त्यांनी छापील दाखल्याचा कागद मागवून घेतला, ओळखपत्रावरील छायाचित्र व समोरची बाई ताडून पाहिली, आणि सही केली. दहा मिनिटेही लागली नाहीत. तो कागदाचा मार्ग तीन महिने तेथेच, त्याच कपाटात होता.

ज्ञातिबांधवांनो, बँकेस दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही, म्हणूनच तिचे नावही घेत नाही. नियम अक्काच्या बाजूचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या आधारविषयक निकालात, ओळख पटविणारे यंत्र अपयशी ठरले म्हणून पात्र माणसास लाभ नाकारला जाऊ नये, असे स्पष्ट नमूद केले आहे. आपल्या राज्यात २०१५ सालचा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न मिळाल्यास वरिष्ठाकडे अपील करता येते, आणि त्याने भागले नाही तर दुसरे अपील व त्यापुढे आयोग आहे. हयातीचा दाखलाही आता चेहऱ्यावरून मोबाईलने देता येतो, आणि पुढील वर्षी अक्काचा तसाच दिला. मार्ग पुष्कळ आहेत. अक्कास ठाऊक नव्हते, खिडकीवरील मुलास ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असलेला माणूस आतल्या खोलीत होता. उसाच्या फडातला म्हातारा, चौकीतला हवालदार आणि हा अधिकारी, या तिघांपर्यंत पोहोचण्याची सोय यंत्राशेजारी ठेविली असती, तर आमची यंत्राविरुद्ध एकही तक्रार नव्हती.

आता त्या सूचनेविषयी. रविवारची बैठक बंद करण्याच्या बाजूने जी कारणे दिली आहेत ती आम्ही वाचली. येणारी माणसे सहा-सात असतात, वीज आणि चहा यांचा खर्च होतो, आणि हीच माहिती मोबाईलवरील गटात एका क्षणात अडीचशे घरांस कळविता येते. शेवटचे कारण खरे आहे आणि संमेलनाच्या तारखा कळविण्यास त्या गटासारखे साधन नाही. परंतु त्या सहा-सातांत कोण असतात हे आम्ही दर रविवारी पाहतो. ज्यांच्या मोबाईलवर येणारा गुप्त क्रमांक परदेशी असलेल्या मुलाच्या जुन्या नंबरावर जातो ते असतात. नातवाच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा, पण अर्ज कोठे अडला ते कळत नाही, अशी एक भगिनी असते. ज्यांना गटात लिहिण्याची लाज वाटते, कारण अडीचशे घरे वाचतील, ते असतात. अक्का आमच्या शहरात राहत असती, तर डिसेंबरच्या पहिल्याच रविवारी ती त्या टेबलाशी आली असती. गटात तिने एक अक्षरही लिहिले नसते.

म्हणून बैठक चालू ठेवावी, इतकेच नव्हे तर तिला थोडी शिस्त लावावी, अशी आमची उलट सूचना आहे. वर्तमानपत्रे बाजूच्या खोलीत न्यावीत. आम्ही स्वतः प्रथम उठून जाऊ. टेबलावर हयातीच्या दाखल्याचे कोरे कागद, लोकसेवा हक्क अधिनियमाखालील सेवा व त्यांच्या मुदती यांची यादी, आणि अपिलाच्या अर्जाचे नमुने ठेवावेत. टेबलाशी बसणाऱ्याने एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे. कोणाचाही गुप्त क्रमांक वा पासवर्ड स्वतः विचारू नये, लिहून घेऊ नये, आणि बटण ज्याचे त्यास दाबू द्यावे, मग त्यास पाव तास लागला तरी चालेल. मदतीच्या नावाने मोबाईल हाती घेऊन म्हाताऱ्या माणसांची खाती रिकामी करणारे आज गल्लोगल्ली आहेत, आणि आपल्या टेबलाविषयी तसा संशयही कोणाच्या मनात येता कामा नये.

हे काम आम्हां म्हाताऱ्यांच्याने एकट्याने होण्यासारखे नाही. रविवारी दहा ते बारा बसू शकतील असे चार तरुण वा तरुणी हव्यात, म्हणजे प्रत्येकाची पाळी महिन्यातून एकदा येईल. आमच्या नातवाने नाव दिले आहे. शुक्रवारच्या अर्ध्या तासाच्या मोबदल्यात, असे तो म्हणतो. उरलेल्या तीन नावांसाठी वही कार्यालयात चिटणीसांकडे ठेविली आहे. उपाहार आटोपल्यावर मंडळींनी घरी जाण्यापूर्वी ती पाहावी.